मेणबत्तीभोवतीचं कडं

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. वाचणारीने सांभाळून घ्यावं. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर पेन हातात आलं ते बचत गटाच्या सहीपुरतं. पण माझ्या डोळ्यांचं काय झालं ते रंजूला, म्हणजे माझ्या मुलीला, आणि माझ्या बहिणींच्या पोरींना माहीत असावं म्हणून लिहिते. हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तोंडाने सांगायला बसले की मला निम्मं सुचत नाही. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही, ते बरं.

लाखांदूरला एका शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं. भिंतीवरचा तक्ता वाचून झाला होता. अक्षरं न येणाऱ्यांसाठी एक वेगळा तक्ता होता, त्यात इंग्रजी ई सारखा तीन टोकांचा एकच आकडा वर, खाली, आडवा फिरवलेला असतो आणि त्याची तोंडं कुठे आहेत ते बोटाने दाखवायचं. मला वाचता येतं, तरी मी लाजून बोटानेच दाखवलं. मग आम्हा बायकांना बाकावर बसवलं. सिस्टर एकेकीच्या डोळ्यात थेंब टाकत येत होत्या. त्या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि मोतीबिंदू नीट दिसतो. माझा नंबर आला, मी मान वर केली, तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, एक मिनिट."

त्यांनी टॉर्च माझ्या कानाच्या बाजूने अगदी आडवी धरली आणि डोळ्यात पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने. मग टॉर्च समोर आणून या डोळ्यावर, त्या डोळ्यावर, अशी हलवली.

"यांना थेंब टाकू नका," त्या म्हणाल्या. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "बाई, संध्याकाळी दिव्याकडे पाहिलं की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का? इंद्रधनुष्यासारखं?"

माझी पेटी भर बाजारात कोणी उघडावी तसं मला झालं. कारण ही गोष्ट मी जगात कोणालाच सांगितली नव्हती.

मी खाली पाहून "हो" म्हटलं.

"डोक्याची एक बाजू दुखते? मळमळतं? झोपून उठलं की बरं वाटतं?"

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"हा ग्लॉकोमा दिसतो. आपण काचबिंदू म्हणतो. डाव्या डोळ्याचं बरंच नुकसान झालंय असं वाटतं. उजवा मात्र वाचवता येईल. पण आता उशीर करू नका."

माझ्यासोबत आमची शेजारीण कौसल्याबाई आली होती. ती मागून मोठ्याने म्हणाली, "काहून वो इंदू, कडं दिसते त मले सांगता येत नव्हतं? मी का तुह्यं कडं चोरून नेणार होती?"

सगळ्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. डॉक्टरबाईंनी त्या कड्याला आजाराचं नाव दिलं होतं आणि मी ते कडं एक वर्ष मनात जपलं होतं.

ते कसं, ते सांगते.

पावसाळ्यात आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचं वाचन असतं. तीन महिने रोज संध्याकाळी बाया-माणसं जमतात, एकजण ग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. आदल्या वर्षी एका संध्याकाळी वाचन चालू असताना लाईट गेली. कोणीतरी मूर्तीपुढे मोठी मेणबत्ती लावली. मी पाहिलं तर मेणबत्तीभोवती रंगांचं गोल कडं होतं. आत निळसर, बाहेर तांबूस, मध्ये पिवळं. आमच्या पंचशील झेंड्यात असतात तसेच रंग. मूर्तीचा चेहरा त्या कड्याच्या मागे होता. मला रडू आलं. मी इकडेतिकडे पाहिलं, पण दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे ते फक्त मला दिसत होतं.

मी आयुष्यात कधी पुढे बसले नाही, कधी वाचायला उठले नाही, गाथा म्हणतानाही माझा आवाज मलाच ऐकू येईल एवढाच. अशा बाईला हे दिसावं, असं मला वाटलं.

घरी सांगण्याची सोय नव्हती. रंजूचे बाबा विहाराच्या समितीत आहेत. आमच्या घरी चमत्कार, अंगात येणं, नवस यांना जागा नाही. बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर लावलेल्या आहेत आणि ते त्या मनापासून पाळतात. मीही पाळते. म्हणून तर मी गप्प राहिले. सांगितलं असतं तर ते रागावले नसते, पण हसले असते, आणि मला ते हसू नको होतं.

त्यानंतर कडं अधूनमधून दिसायचं, बहुतेक अंधार पडताना. घरी येईपर्यंत डाव्या कपाळात ठणका लागायचा. कधी उलटी व्हायची. मी म्हणायचे पित्त आहे. कपाळावर फडकं घट्ट बांधून झोपायचे आणि सकाळी डोकं हलकं व्हायचं. दुखणं वेगळं आणि कडं वेगळं, असंच मी धरून चालले. दोन्ही नेहमी एकाच संध्याकाळी येतात हे मला कधी दिसलंच नाही. दिसलं असेल, पण मानायचं नव्हतं.

मग पुढच्या वर्षीची रोवणी आली, शिबिराच्या थोडी आधी.

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते. धानाची लहान रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, पुन्हा लावतात, ती रोवणी. आम्ही बायका एका ओळीत वाकतो आणि रोवत रोवत मागे सरकतो. मागे डोळे नसतात, म्हणून बाजूच्या बाईच्या अंदाजाने सरकायचं असतं. आमच्या ओळीत माझ्या डाव्या हाताला नेहमी कौसल्याबाई.

त्या वर्षी मी तिच्या अंगावर जाऊ लागले. कधी तिच्या पायावर पाय पडायचा, कधी तिच्या तोंडाला कोपर लागायचं. तिने रोवलेले पऱ्हे माझ्या टाचेखाली यायचे.

"इंदू, माह्या अंगावर कायले येऊन राहिली? एवढं प्रेम आहे त घरी ये," ती म्हणायची.

दोन-तीन दिवस थट्टा चालली. मग ओळीतल्या बायका कुजबुजायला लागल्या की इंदू आणि कौसल्याचं काही बिनसलं आहे, म्हणून इंदू मुद्दाम धक्के मारते. मी शरमेने आणखी वाकून रोवायचे.

एका दुपारी मी तिला जोरात धडकले आणि ती चिखलात बसली. सगळ्या थांबल्या. वाटलं आता ती शिव्या देते. पण ती उठली, हात धुतले, आणि माझ्याकडे नीट पाहत राहिली. मग म्हणाली, "समोर पाह्य. त्या पळसाच्या झाडाकडे पाह्य. हालू नोको."

मी पळसाकडे पाहिलं.

"माह्या हातात काय आहे?"

"कोणत्या हातात? तू कुठं आहेस?"

"तुह्या डाव्या कानापाशी पऱ्ह्याची जुडी धरून उभी आहे मी. हालवून राहिली. दिसत नाई तुले?"

मला काहीच दिसत नव्हतं. तिने जुडी हळूहळू समोर आणली. नाकासमोर येत आली तेव्हा कुठे हिरवं दिसलं. मग तिने माझा उजवा डोळा हाताने झाकला, आणि पळस पुसट झाला, जसा धुक्यात असावा.

कौसल्याबाई ओळीकडे वळून म्हणाली, "ही मले मारत नव्हती वो. हिले मी दिसतच नव्हती."

पुढे डॉक्टरबाईंनी शिबिरात हीच तपासणी केली, फक्त जुडीऐवजी बोटं हलवली. घरी कोणाबद्दल शंका आली तर ही तपासणी कोणालाही करता येते. एक डोळा झाकायचा, समोरच्याच्या नाकाकडे पाहायचं, आणि बाजूने बोटं हलवत आणायची. मात्र त्यावर भागवायचं नाही, दवाखान्यात जायचंच.

शिबिरातून आम्हाला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तरी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिकडची माणसं अजून भेटत. बाकावर बसून मी वेळ काढायला लोकांचे डोळे पाहायचे. लाजाळू माणसाला हे चांगलं जमतं, कारण बोलावं लागत नाही. एका आजोबांच्या बाहुलीत ताकासारखं पांढरं होतं, तो मोतीबिंदू. ऑपरेशनने काढता येतो आणि पुन्हा दिसतं. एका बाईच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून मांसाचा तांबडा पडदा नाकाकडून काळ्या बुबुळावर सरकला होता, त्याला वेल म्हणतात. उन्हाधुळीत काम करणाऱ्यांना तो होतो. एका लहान मुलीचे डोळे लाल आणि चिपडांनी चिकटलेले होते, ते डोळे आलेले. हे सगळं मी विचारल्यावर तिथल्या सिस्टरांनी मला सांगितलं. होय, मी विचारलं. पहिल्यांदाच मी अनोळखी माणसाला आपणहून काही विचारलं.

त्यांनी एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगितली. डोळा लाल आहे, खाजतो, चिपड येतो पण नीट दिसतं, तर तो बहुधा साधा त्रास असतो. पण डोळा लाल, ठणका, अंधुक दिसणं आणि उलटी हे सोबत आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पित्ताची गोळी घेऊन झोपायचं नाही.

माझ्या बऱ्याच तपासण्या झाल्या. डोळ्यात बधिर करायचा थेंब टाकून निळा उजेड डोळ्याला टेकवतात, त्याने आय प्रेशर कळतं, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब. दुखत नाही. मग डोळ्यावर एक भिंग ठेवून आतल्या पाण्याची वाट उघडी आहे की बंद ते पाहतात.

सगळ्यात अवघड गेली ती फील्ड टेस्ट. म्हणजे आपल्याला आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी. एका मोठ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालायचं, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं, आणि कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ दिवा दिसला नाही की मला भीती वाटायची, मशीनवर बसलेली मुलगी म्हणेल बाई ठार अडाणी आहे. म्हणून मी अंदाजाने बटण दाबत गेले. मशीनवरची मुलगी म्हणाली, "काकू, दिवा लागलाच नाही, तुम्ही दाबलं कशाला? ही शाळेची परीक्षा नाही. इथे नापास झालात तरच आम्हाला कळेल काय करायचं." मग मी नीट दिली. डाव्या डोळ्याने जवळजवळ सगळीकडून नापास झाले. उजव्याने कडेकडेने.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. डोळ्यात सारखं पाणी तयार होतं. अश्रू नव्हे, आतलं पाणी. बांधीत पाणी येतं तसं ते जायलाही तोंड लागतं. माझ्या डोळ्यात ती जायची वाट जन्मापासून अरुंद आहे. अंधारात बाहुली मोठी झाली की वाट बंद पडते. फार वेळ खाली वाकून काम केलं तरी तसं होऊ शकतं. मग पाणी साचतं, दाब वाढतो आणि मागची नस दबून सुकत जाते. दाब वाढला की डोळ्याची पुढची काच सुजल्यासारखी होते आणि उजेडाभोवती कडी दिसतात. म्हणून शिबिरात बाहुली मोठी करायचे थेंब मला घातले असते तर डोळा एकदम बंद पडला असता. "सुकलेली नस परत हिरवी होत नाही," डॉक्टर म्हणाले. "डावीकडचं गेलं ते गेलं. उजव्या डोळ्याला लेसर करून पाण्याला दुसरं तोंड करून देऊ. डाव्यालाही करू, म्हणजे उरलेलं टिकेल. पण लवकर."

लेसरची सोय तेव्हा तिथे नव्हती. नागपूरला एका दवाखान्यात थोड्या पैशांत होत होतं. नेमके ते दिवस हातात पैसा नसण्याचे होते. रंजूचे बाबा राईस मिलमध्ये पोती उचलतात आणि नवीन धान येईपर्यंत मिल बंद असते. कौसल्याबाईने गोठ्यावर टिन टाकायला पैसे ठेवले होते. ती ते घेऊन आमच्या घरी आली आणि ओट्यावर बसली.

"गाई एक साल ओल्या होतील, मरत नाई. हिचा डोळा थांबणार नाई."

रंजूचे बाबा म्हणाले, "वहिनी, कधी देऊ आम्ही वापस?"

"इंदू देईन. तिच्या रोवणीतून. तुमाले कोण मागून राहिलं?"

ती गेल्यावर मी त्यांना कड्याची गोष्ट सांगितली. सांगायलाच हवी होती, कारण नागपूरचे डॉक्टर विचारणार आणि ते सोबत असणार. मेणबत्ती, रंग, मूर्तीचा चेहरा, मला रडू आलं ते, सगळं. बोलताना मी चुलीकडेच पाहत होते.

ते हसले नाहीत. मग म्हणाले, "तुले तसं वाटलं त वाटलं. पण डोकं दुखते हे त सांगायचं होतं न."

"तुम्ही हसले असते."

"हसलो असतो," ते म्हणाले. मग चुलीतलं लाकूड आत सारून म्हणाले, "खरं सांगू? मले दिसलं असतं न, त मीबी कोणाले बोललो नसतो."

लेसरची मला फार भीती होती. मला वाटायचं डोळा कापतात. तसं नसतं. आधी बाहुली लहान करायचे थेंब टाकतात, त्याने कपाळ दुखतं. मग मशीनवर हनुवटी टेकवायची, डोळ्यावर भिंग ठेवतात, आणि आत टक, टक असं काही उडाल्यासारखं वाटतं. बोट मोडावं तेवढा आवाज. लेसर इरिडोटॉमी म्हणतात, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडणं. दोन्ही डोळ्यांना झालं. मग बाहेर बसवलं, पुन्हा दाब मोजला. उतरलेला होता. डॉक्टर म्हणाले, "आजचं काम झालं. उरलेलं काम तुमचं. डाव्या डोळ्यात थेंब रोज सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. बरं वाटलं म्हणून बंद करायचे नाहीत. तपासणीला यायचं."

थेंब टाकायची रीत लिहून ठेवते. खालची पापणी ओढायची, एक थेंब आत, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. दम्याची माणसं असतील त्यांनी थेंब सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगायचं. कोणत्याही दुकानातून कोणतेही थेंब आणून टाकायचे नाहीत.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या संध्याकाळी विहारात सगळीकडे मेणबत्त्या लावल्या होत्या. मी नेहमीसारखी मागे बसले. घाबरत मान वर केली.

मेणबत्ती होती. पिवळी ज्योत, मध्ये काळी वात, खाली ओघळलेलं मेण. कडं नव्हतं. मूर्तीचा चेहरा स्वच्छ दिसत होता, ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. खरं लिहिते, क्षणभर मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

रंजूचे बाबा पुरुषांच्या बाजूने उठून माझ्याजवळ आले. ते तसं कधी करत नाहीत. हळूच म्हणाले, "आज काय दिसून राहिलं?"

"मेणबत्ती."

"तिथं तेवढीच आहे," ते म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

तेव्हा मला हसू आलं. आणि मग वाटलं, ज्या दिवशी लाईट गेली त्या दिवशी मला शांत वाटलं होतं ते काही कड्यामुळे नव्हतं. ते ऐकण्यामुळे होतं, सोबत बसण्यामुळे होतं. ते आजही होतंच.

माझी आई शेवटी चाचपडत चालायची. सगळे म्हणायचे वय झालं. आता मला वाटतं तिचंही हेच असेल. तिला टॉर्च लावून कोणी पाहिलं नाही. रंजू, तू भंडाऱ्याला जाऊन दाखवून आलीस आणि तुझी वाट रुंद आहे असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी मी पोटभर जेवले. पण तुझ्या मावसबहिणी अजून गेल्या नाहीत. त्यांना हे वाचून दाखव. दुखत नाही म्हणून थांबू नका. लाज वाटते म्हणून तर मुळीच थांबू नका. मला जे दिसायचं ते मी कोणाला सांगितलं असतं, तर डावा डोळाही राहिला असता.

पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून मी पुन्हा रोवणीला गेले. पहिल्या दिवशी कौसल्याबाईने मला ओळीच्या डाव्या टोकाला, धुऱ्याजवळ उभं केलं.

"तुह्या डाव्या हाताले आता बांध राहीन. मार धक्के त्याले. तो बोलत नाई."

ती स्वतः माझ्या उजव्या बाजूला आली. सगळी रोवणी आम्ही तशीच केली. माझ्या कडेची ओळ सरळ गेली. मागे सरकताना मान वळवून धुरा पाहायची सवय मी लावून घेतली.

मजुरी मिळाली त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. आधीचे थोडे थोडे दिले होते, हे उरलेले. तिच्या ओट्यावर बल्ब लागला होता. मी नोटा तिच्या हातात ठेवल्या आणि ती मोजत असताना बल्बकडे पाहिलं. बल्बच होता, भोवती चार किडे.

"काय पाहून राहिली वो वर?" ती म्हणाली.

"काही नाई. मोज तू."

"मोजले. पुरे आहेत." तिने नोटा कमरेला खोचल्या. "उद्या टिनवाल्याले बोलावतो."

तिचे पैसे त्या दिवशी पूर्ण फिटले.